सौरडाग आणि दुष्काळ : एका उपपत्तीची चिकित्सा

१

सूर्य हा पृथ्वीच्या हवामानाचा आद्य प्रेरक होय, याविषयी कोणाचाही मतभेद असण्याचे कारण नाही. वारे, मेघ, पर्जन्य आणि सागरातील प्रवाह या सर्वांना लागणारी ऊर्जा अखेर सूर्यापासूनच मिळते. वाद आहे तो निराळ्याच गोष्टीविषयी. सूर्याच्या तेजात व त्याच्या चुंबकीय वर्तनात वर्षानुवर्षे जे चढउतार होतात, त्यांचा माग पृथ्वीवरील पावसात आणि तापमानात लागतो काय, व लागत असल्यास कितपत लागतो, हा तो प्रश्न होय. या प्रश्नातील ‘काय’ या शब्दाकडे अभ्यासकांनी पुष्कळ लक्ष पुरविले. ‘कितपत’ या शब्दाकडे मात्र त्या मानाने उशिरा पुरविले. या विषयावरील वाङ्मयात जो गोंधळ आढळतो, त्याचे मूळ पुष्कळ अंशी येथेच आहे असे आमचे मत आहे.

प्रस्तुत लेखात या संपूर्ण वाङ्मयाचा परामर्श घेण्याचा हेतू नाही. त्यातील एक जुना निबंध घेऊन त्याची चिकित्सा करावी, आणि त्या चिकित्सेतून हाती येणाऱ्या कसोट्या अलीकडील प्रतिपादनांना लावून पाहाव्यात, एवढेच येथे योजिले आहे. हा निबंध म्हणजे नॉर्मन लॉक्यर आणि विल्यम विल्सन हंटर यांनी १८७७ च्या नोव्हेंबरात ‘नाइन्टीन्थ सेंचुरी’ या नियतकालिकात लिहिलेला ‘सन-स्पॉट्स अँड फॅमिन्स’ हा लेख होय. त्याच वर्षी हंटर यांनी दक्षिण हिंदुस्थानातील अवर्षण व दुष्काळ यांच्या चक्राविषयी स्वतंत्र पुस्तिकाही प्रसिद्ध केली होती. या निबंधाचा विषय आकाशातला असला तरी त्याचा प्रसंग येथल्या भूमीवरचा होता. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन व मद्रास इलाखा दुष्काळाने होरपळत होता, आणि त्यात मृत्यू पावलेल्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक असावी असा अंदाज केला जातो.

२

निबंधाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. सौरडागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या आवर्तनाने कमीअधिक होते, हे हाइनरिख श्वाबे यांनी १८४३ मध्ये दाखविले. पुढे रुडॉल्फ वुल्फ यांनी जुन्या नोंदी धुंडाळून हा काल सरासरीने अकरा वर्षांचा असल्याचे ठरविले. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरील एका प्रचंड उद्रेकानंतर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विलक्षण क्षुब्ध झाले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत २ सप्टेंबर रोजी क्षैतिज चुंबकीय तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरल्याचे नोंदले गेले असून, आजही जगभरचे अभ्यासक त्या नोंदीचा आधार घेतात. सूर्य व पृथ्वी यांच्यामध्ये प्रकाशाखेरीज आणखीही काही नाते आहे, हे त्यावरून उघड झाले. मॉरिशसच्या चार्ल्स मेल्ड्रम यांनी १८७२ मध्ये हिंदी महासागरातील चक्रीवादळांचा सौरडागांशी संबंध जोडला. या वातावरणात हंटर यांनी मद्रास येथील १८१३ पासूनची पर्जन्यनोंद हाती घेतली आणि तिची अकरा वर्षांच्या चक्रांत मांडणी केली. डाग अत्यल्प असलेल्या वर्षांच्या आसपास पाऊस कमी पडतो, आणि म्हणून दुष्काळही त्याच सुमारास येतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. लॉक्यर यांनी त्याला भौतिकशास्त्रीय आधार पुरविला : डाग वाढले की सूर्य अधिक तेजस्वी होतो, समुद्राचे पाणी अधिक प्रमाणात वाफ होऊन जाते, व पाऊसही अधिक पडतो.

या निबंधाचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. दुष्काळ हा दैवी कोप नसून निसर्गनियमांच्या कक्षेत येणारी घटना आहे, अशी त्यामागची भूमिका होती, आणि त्या काळी ती प्रागतिकच म्हणावी लागेल. दुष्काळाचा आगाऊ अदमास लागला तर त्याच्या निवारणाची सिद्धता करता येईल, हा लेखकांचा हेतूही स्तुत्य होता. एवढेच नव्हे, तर डाग अधिक असताना सूर्य किंचित अधिक तेजस्वी असतो हे त्यांचे गृहीतकही चुकीचे नव्हते; उपग्रहांवरील उपकरणांनी शंभर वर्षांनंतर त्याला पुष्टीच दिली. डागांमुळे जेवढे तेज कमी होते त्याहून अधिक तेज त्यांच्या भोवतालच्या उजळ क्षेत्रांतून मिळते. मग निबंध चुकला कोठे?

३

पहिला दोष स्थलाच्या निवडीचा आहे. मद्रासची नोंद दीर्घ होती म्हणून ती निवडली गेली; ती प्रातिनिधिक आहे काय, याचा पुरेसा विचार झाला नाही. मद्रासच्या किनाऱ्यावरील पावसाचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, म्हणजे ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पडतो. उलट सोलापूर, अहमदनगर, विजापूर या दुष्काळी मुलखाची पिके मुख्यतः जून ते सप्टेंबरमधील नैर्ऋत्य मोसमी पावसावर अवलंबून असतात. एका ऋतूची नोंद घेऊन दुसऱ्या ऋतूच्या अवर्षणाचे कारण सांगणे म्हणजे गोदावरीच्या पुराची उंची कावेरीच्या काठी मोजण्यासारखे आहे.

दुसरा दोष गणिताचा आहे, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो अधिक बोधप्रद आहे. चौसष्ट वर्षांची नोंद अकरा गटांत विभागली की प्रत्येक गटाच्या वाट्याला जेमतेम सहा वर्षे येतात. आता समजा, एखाद्या केंद्रावरील वार्षिक पावसाचे सरासरीपासूनचे प्रमाण विचलन शेकडा तीस आहे. सहा वर्षांच्या सरासरीत ते शेकडा बाराच्या घरात उतरते. तथापि अशा अकरा सरासऱ्या शेजारी शेजारी मांडल्या, तर त्यांतील सर्वांत मोठी व सर्वांत लहान यांत केवळ योगायोगानेच शेकडा पस्तीस ते चाळीस इतकी तफावत पडण्याची अपेक्षा असते. म्हणजे सूर्याचा काडीमात्र संबंध नसतानाही एक ‘ओले’ वर्ष व एक ‘कोरडे’ वर्ष चक्रात दिसणारच. त्यात शेजारच्या वर्षांची पुन्हा सरासरी काढून वक्र गुळगुळीत केला, तर तो डोळ्यांना आणखी नियमित भासू लागतो. नियमितपणा निसर्गात नसून मांडणीत असतो, हे अशा वेळी ध्यानात येत नाही.

ही टीका आजच्या संख्याशास्त्राच्या आधारे जुन्या लेखकांवर अन्यायाने लादलेली आहे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु तो टिकणारा नाही. त्याच १८७७ मध्ये रिचर्ड स्ट्रॅची यांनी रॉयल सोसायटीपुढे मद्रासच्या या आकड्यांचीच परीक्षा केली होती. सहसंबंध-गुणकाची कल्पना तेव्हा अद्याप जन्मास यावयाची होती. स्ट्रॅची यांचे हत्यार साधी बेरीज-वजाबाकी हेच होते. त्यांचा युक्तिवाद असा : चक्र खरे असेल, तर प्रत्येक वर्षाचा पाऊस त्या चक्रातील आपापल्या स्थानाच्या सरासरीजवळ असला पाहिजे, आणि हे अंतर एकंदर सरासरीपासूनच्या अंतरापेक्षा स्पष्टपणे कमी भरले पाहिजे. तसे ते भरत नाही. चक्र ठाऊक असूनही भाकिताची अचूकता वाढत नसेल, तर त्या चक्राला भाकिताच्या दृष्टीने काय मोल उरते? या प्रश्नाला निबंधात उत्तर नाही. पुढे हेच स्ट्रॅची १८८० मध्ये अहवाल देणाऱ्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष झाले.

४

उपपत्तीची खरी परीक्षा ती रचताना जे आकडे उपलब्ध नव्हते त्यांवरच होते. लॉक्यर-हंटर यांच्यानंतर दीडशे वर्षांचा काळ लोटत आला आहे. त्या काळाची साक्ष काय सांगते?

ज्या दुष्काळाच्या निमित्ताने निबंध लिहिला गेला त्याचा आरंभ १८७६ च्या अवर्षणाने झाला. सौरडागांचा नीचांक मात्र १८७८ च्या अखेरीस आला. १८९९ चे घोर अवर्षण १८९४ चा उच्चांक व १९०२ चा नीचांक यांच्या दरम्यानचे आहे. १९७२ चा महाराष्ट्रातील दुष्काळही असाच १९६८ चा उच्चांक व १९७६ चा नीचांक यांच्या मध्ये पडतो. आता एखादा उत्साही समर्थक १९६५, १९८७ व २००९ ही तीन अवर्षणे पुढे करील. ही तिन्ही वर्षे खरोखरच सौरडागांच्या नीचांकास लागून आहेत, आणि त्यांवरून हंटर यांचा सिद्धान्त पुनरुज्जीवित करणे मुळीच अवघड नाही. परंतु मग १९१८, १९७९, २००२ व २०१४ या वर्षांचे काय करावयाचे? या चारही वर्षी मोसमी पाऊस अपुरा पडला, आणि चारही वर्षे डागांच्या उच्चांकाच्या सान्निध्यातील आहेत. उलट २०१९ मध्ये, सूर्य अत्यंत शांत असताना, देशात सरासरीहून अधिक पाऊस झाला. वर्षे निवडण्याची मोकळीक मिळाली की कोणताही सिद्धान्त सिद्ध करता येतो, आणि त्याच्या विरुद्ध सिद्धान्तही तितक्याच सुलभतेने सिद्ध करता येतो.

या वर्षांची मोट बांधणारे सूत्र दुसरीकडेच सापडते. १८७७, १८९९, १९१८, १९६५, १९७२, १९८७, २००२ आणि २००९ या वर्षी प्रशांत महासागराचा विषुववृत्तीय भाग नेहमीहून अधिक तापलेला होता. ज्याला आपण एल निनो म्हणतो ती ही अवस्था. हे सूत्र हाती लागण्यास कारण झालेले गिल्बर्ट वॉकर हे १९०४ पासून हिंदुस्थानातील वेधशाळांचे प्रमुख होते. त्यांनी सौरडागांचे पाऊस, तापमान व वायुदाब यांच्याशी असलेले सहसंबंध जगभरच्या केंद्रांसाठी काढले व १९१५ मध्ये प्रसिद्ध केले. मोसमी पावसाच्या भाकिताला आधार होईल असे त्यांत काही निघाले नाही. तेव्हा वॉकर यांनी दृष्टी सूर्यावरून महासागरांवरील वायुदाबाकडे वळविली, आणि त्यातून दक्षिणी आंदोलनाचा शोध लागला. एक दार बंद आहे याची खातरजमा नेटाने केल्यामुळेच दुसरे दार उघडले, असे म्हणावयास हरकत नाही. सूर्याचा अभ्यास करून मोसमी पावसाचे कोडे सुटेल, ही आशा १८९९ मध्ये स्थापन झालेल्या कोडाईकनाल वेधशाळेच्या मागेही होती. ती आशा फळली नाही. परंतु त्या वेधशाळेने विसाव्या शतकाच्या आरंभापासून घेतलेली सूर्याची छायाचित्रे ही जगातील अमूल्य ठेव ठरली.

५

येथपर्यंतची चर्चा केवळ इतिहासाची वाटेल. परंतु १८७७ चे दोष १८७७ मध्येच संपले नाहीत. १९९१ मध्ये फ्रीस-क्रिस्टेन्सेन व लासेन या डॅनिश शास्त्रज्ञांनी सौरचक्राची लांबी आणि उत्तर गोलार्धाचे तापमान यांचे वक्र एकमेकांशी कमालीचे जुळतात असे दाखविले. आलेख इतका देखणा होता की त्याची प्रसिद्धी सर्वत्र झाली. पुढे त्यांचेच देशबंधू पेटर लाउट यांनी त्या आलेखाची छाननी केली. बहुतेक बिंदू गुळगुळीत केलेल्या मालिकेतील होते. अखेरचे काही बिंदू मात्र तसे नव्हते, आणि अलीकडील तापमानवाढीशी वक्र जुळत होता तो नेमका या अखेरच्या बिंदूंमुळे. हंटर यांच्या चक्रातील व या आलेखातील साम्य येथे ध्यानी घेण्यासारखे आहे. दोन्ही ठिकाणी आकडे खोटे नाहीत; आकड्यांवर केलेला संस्कारच साक्षीदाराच्या जागी उभा आहे.

१९९७ मध्ये स्वेन्समार्क व फ्रीस-क्रिस्टेन्सेन यांनी विश्वकिरण व मेघ यांचा संबंध मांडला. सूर्य क्रियाशील असताना त्याचे चुंबकीय क्षेत्र विश्वकिरणांना अधिक प्रमाणात अडविते. त्यामुळे हवेत आयन कमी निर्माण होतात, मेघबीजे कमी होतात व आकाश निरभ्र राहून पृथ्वी तापते, अशी ही उपपत्ती होय. कारणांची निश्चित साखळी सांगणारी म्हणून ती हंटर यांच्या उपपत्तीहून श्रेष्ठ आहे, कारण साखळीतील प्रत्येक दुवा प्रयोगाने तपासता येतो. तसा तो तपासलाही गेला. मेघांची नोंद पुढील वर्षांपर्यंत वाढविताच मूळचा सहसंबंध टिकला नाही. जिनिव्हाजवळील सर्न येथे चाललेल्या ‘क्लाउड’ प्रयोगात, आयनांमुळे अतिसूक्ष्म कणांची निर्मिती वाढते हे सिद्ध झाले. परंतु विश्वकिरणांच्या चढउतारांनी मेघांत लक्षणीय फरक पडावा एवढा हा परिणाम मोठा नाही, असेही आढळले. पहिला दुवा खरा, पण साखळी ओझे पेलू शकत नाही, असा हा निकाल आहे.

६

आता ‘कितपत’ या प्रश्नाकडे वळू. स्मिथसोनियन संस्थेचे चार्ल्स अ‍ॅबट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सौरस्थिरांक मोजण्यासाठी पर्वतशिखरांवरून अनेक दशके परिश्रम घेतले, आणि त्यात मोठे चढउतार होतात असे प्रतिपादिले. वातावरणाच्या आतून केलेल्या मापनात वातावरणाचेच दोष मिसळत होते. १९७८ च्या अखेरीस उपग्रहावरून मोजणी सुरू झाली तेव्हा अकरा वर्षांच्या चक्रातील फरक केवळ हजारात एक इतकाच भरला. पृथ्वीजवळ सूर्यप्रारण चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट असते. म्हणजे हा फरक एक ते दीड वॅट झाला. पृथ्वी गोल असल्यामुळे त्याला चाराने भागावे लागते, व परावर्तित होणारा भाग वजा करावा लागतो. बाकी उरते सुमारे ०.२ वॅट. यातून जागतिक तापमानात सुमारे ०.१ अंश सेल्सियसचा चढउतार होतो, आणि तो प्रत्यक्ष नोंदींतही ओळखता येतो. याउलट १७५० ते २०१९ या काळात मानवी व्यवहारांमुळे पडलेला एकूण भार चौरस मीटरला सुमारे २.७ वॅट असल्याचे आंतरशासकीय समितीच्या २०२१ च्या अहवालात नमूद आहे. त्याच काळातील सूर्याचा निव्वळ वाटा शून्याच्या जवळपास येतो.

तथापि केवळ एकूण प्रारणाकडे पाहून सूर्याची उपेक्षा करणे हेही शास्त्रीय वृत्तीस धरून होणार नाही. जंबुपार अथवा अतिनील किरणांतील चढउतार एकूण प्रारणापेक्षा प्रमाणाने कितीतरी मोठे, काही तरंगलांबींत शेकडा काही अंशांचे असतात. हे किरण स्थितांबरातील ओझोन शोषून घेतो. तेथील तापमान व वारे बदलतात, आणि त्या बदलांची छाया खालच्या थरांतील वायुप्रवाहांवर पडते. जोआना हेग यांनी १९९६ मध्ये प्रतिकृतीच्या साहाय्याने हा मार्ग दाखविला. सौरवादळांबरोबर येणारे भारित कण ध्रुवप्रदेशांच्या उंच हवेत नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण करतात व तेथील ओझोन घटवितात. हिवाळ्यातील प्रादेशिक हवामानावर याचा परिणाम होणे शक्य आहे. अंतराळातील वादळांचा हवामानाशी संबंध असलाच तर तो अशा आडवाटेचा, प्रादेशिक व सौम्य आहे. प्राचीन काळाविषयी ओमानमधील गुहांतल्या चुनखडीच्या निक्षेपांवरून, सुमारे नऊ ते सहा हजार वर्षांपूर्वीच्या मोसमी पावसाचे सूर्याच्या क्रियाशीलतेशी साम्य असल्याचे २००१ मध्ये मांडले गेले. हा पुरावा वजनदार आहे; मात्र निक्षेपांचे कालमान सौरनोंदीशी जुळवून घेतलेले असल्यामुळे स्ट्रॅची यांची शंका येथेही विसरून चालणार नाही. जे जुळवून घेतले त्याचे जुळणे हा पुरावा कितपत मानावा, याचे तारतम्य राखले पाहिजे.

१६४५ ते १७१५ या सौरडागविरहित काळाचा उल्लेख झाल्यावाचून अशी चर्चा पुरी होत नाही. जॅक एडी यांनी १९७६ मध्ये या काळाकडे लक्ष वेधले व युरोपातील कडक थंडीशी त्याचा संबंध सुचविला. परंतु ते थंड पर्व त्याच्या पुष्कळ आधीच सुरू झाले होते, आणि ज्वालामुखींच्या उद्रेकांचा त्यातील वाटा मोठा होता. तशी शांतता सूर्यावर पुन्हा आली, तरी या शतकाच्या अखेरीस पृथ्वीचे तापमान तिच्यामुळे फार तर ०.३ अंशाने कमी राहील, असा २०१० मधील एका गणनेचा निष्कर्ष आहे.

७

हा सारा काथ्याकूट कशासाठी, असे विचारले जाईल. उत्तर १८७७ मध्येच आहे. ज्या वर्षी लंडनमध्ये सौरडागांचा निबंध छापला गेला, त्याच वर्षी दुष्काळी कामांवरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य व किरकोळ पैसे पुरेत की नाहीत यावर येथे वाद चालला होता. पुणे सार्वजनिक सभा दुष्काळी जिल्ह्यांतून माहिती मिळवून भाव, मजुरी व मदतकार्ये यांची हकीकत प्रसिद्ध करीत होती. धान्याची निर्यात चालूच होती. पाऊस का पडला नाही हा एक प्रश्न. पाऊस न पडल्यावर माणसे का मेली हा दुसरा. १८८० च्या आयोगाने शेतीची कामे थांबताच मजुरांची मिळकत बुडते यावर भर दिला, तेव्हा तो या दुसऱ्या प्रश्नाला हात घालीत होता. हंटर यांना दुसरा प्रश्न टाळावयाचा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु आकाशातील कारण एकदा पंचांगासारखे नियमित ठरले की जमिनीवरील कारणांची चौकशी सैल पडते, हा धोका त्यांच्या उपपत्तीत अंगभूत होता.

तोच धोका आज निराळ्या रूपाने उभा आहे. १९८० नंतरच्या दशकांत सूर्याची क्रियाशीलता एकंदरीने उतरत गेली आणि पृथ्वीचे तापमान चढत गेले. लॉकवुड व फ्रोलिख यांनी २००७ मध्ये ही विरुद्ध दिशा आकड्यांनिशी दाखविली. २०१९ मध्ये संपलेले सौरचक्र सुमारे शंभर वर्षांतील सर्वांत दुबळे होते, तरी त्याच काळात उष्णतेचे उच्चांक मोडले गेले. शिवाय सूर्य तापला असता तर स्थितांबरही तापले असते. ते प्रत्यक्षात थंडावत आहे. इतके असूनही ‘सूर्याचेच हे काम’ असे म्हणणाऱ्यांची वाण नाही, आणि त्या म्हणण्यात धुराड्यांची जबाबदारी अलगद सूर्याच्या पदरात टाकली जाते.

म्हणून या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने सूर्याकडे पाठ फिरवावी असे मुळीच नाही. पुण्याच्या आयुकाने घडविलेली जंबुपार दुर्बीण २०२३ मध्ये सोडलेल्या आदित्य-एल१ यानावर आहे, आणि ओझोनवर परिणाम करणारे किरणच ती न्याहाळते. अभ्यासाला वाव मोठा आहे. मात्र तो करताना नोंद कोठली व कोणत्या ऋतूची हे पाहावे, आकड्यांवर संस्कार होण्यापूर्वीची मालिका मागावी, आणि वक्र जुळला म्हणून हर्ष होण्याआधी चौरस मीटरला किती वॅट हे विचारावे. स्ट्रॅची यांना एवढ्यासाठी साधे अंकगणित पुरले होते.